सोळा तासांचं अंतर

१

चौकशी केंद्रात रोज सकाळी खुर्चीवर बसलं की ठिणगी आधी स्वतःचं एक काम उरकून घ्यायची. हेडफोन कानावर चढवायच्या आधी, पहिला फोन वाजायच्या आधी, ती संगणकात दोन विमानतळांची नावं टाकायची. एक तिकडचा, एक इकडचा. पडद्यावर आकडा यायचा: सोळा तास, मध्ये एक थांबा. तो दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. कडी लावलेली आहे हे ठाऊक असूनही माणूस झोपण्याआधी दाराला एकदा हात लावून बघतोच ना, तसंच होतं ते.

ठिणगी हे नाव मामाने ठेवलेलं. लहानपणी कुणी तिच्या पेन्सिलीला हात लावला तरी तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा म्हणे. आता चाळिशी उलटली, केसांत पांढरं आलं, पण नाव गेलं नाही आणि नाकाचा शेंडाही सुधारला नाही.

केंद्रातलं काम तसं सोपं होतं. लोक फोन करून विचारायचे, अमक्या ठिकाणाहून तमक्या ठिकाणी विमानाने जायला किती वेळ लागतो, अंतर किती, मध्ये उतरावं लागतं का. एका आजींनी विमानाच्या खिडक्या उघडतात का, असंही विचारलं होतं. नियम एकच होता, आणि तो मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्य बाईंनी, सगळ्यांच्या डोक्यात पक्का ठोकला होता. डोक्यातलं सांगायचं नाही, पडद्यावरचं सांगायचं. पूर्वी एकीने आठवणीवर विसंबून उत्तर दिलं आणि एक अख्खं कुटुंब भलत्याच विमानतळावर जाऊन बसलं होतं. तेव्हापासून कितीही सोपा प्रश्न असो, बायका आधी पडद्याकडे बघत आणि मगच तोंड उघडत.

त्या सकाळी ठिणगीने दोन नावं टाकली आणि आकडा आला, चौदा तास.

तिने नावं पुसून पुन्हा टाकली. चौदाच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुण्या शहाण्याने नवा मार्ग काढला असणार, वाटेतला थांबा हलवला असणार. जग जवळ आलंय म्हणून हे लोक जाहिराती करतात. कुणी सांगितलं होतं जवळ आणायला? काही गोष्टी लांब असतात म्हणूनच माणसं जगतात, हे त्यांना कोण सांगणार?

२

आईला तिकडून आणून दोन वर्षं झाली होती. बाबा तिकडेच होते.

बाबांनी आयुष्यभर आईला एकच प्रश्न विचारला. स्वयंपाकघराच्या चौकटीला एक हात लावून उभे राहायचे आणि शांतपणे म्हणायचे, "किती वेळ लागेल?" जेवणाला, चहाला, शर्टाच्या इस्त्रीला, बाहेर निघायला. आई नेहमी खऱ्यापेक्षा कमी वेळ सांगायची. भीतीने माणूस दुसरं काय सांगणार? तेवढा वेळ संपला की मग पुढचं त्या घरातल्या भिंतींना ठाऊक. एकदा इस्त्री लांबली तेव्हा आईचं मनगट मोडलं. पाय घसरला, असं तिने डॉक्टरांना सांगितलं आणि घरी आल्यावर डाव्या हाताने उरलेली इस्त्री केली.

ठिणगीला बदलीसाठी तीन शहरं सुचवली होती तेव्हा तिने पगार विचारला नाही, घरभाडं विचारलं नाही. तिकडून यायला सर्वांत जास्त वेळ कुठल्या शहराला लागतो, एवढंच बघितलं. बाबांचं वय झालं होतं, गुडघे धरले होते, इतका वेळ त्यांना एका जागी बसवणार नाही असा तिचा हिशोब. मग एक दिवस जाऊन तिने आईला उचललं आणि आणलं. नातेवाईक म्हणाले, एवढ्या लांब कशाला नेलंस म्हातारीला? ठिणगी म्हणाली, लांब आहे म्हणूनच.

इथे आल्यावर आईचा आवाज हळूहळू वर आला. आधी ती भिंतीला ऐकू जाऊ नये असं बोलायची. मग भाजीवाल्याशी भांडायला लागली. मग भांडी घासताना गायला लागली, आणि गाणं इतकं बेसूर की वरच्या मजल्यावरचे मास्तर एकदा जिन्यात म्हणाले, तुमच्या आईंची तब्येत बरी आहे ना? त्या दिवशी मायलेकी पोट धरून हसल्या.

त्या चौदा तासांच्या दिवशी संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. आईने आमटी वाढली आणि डाव परत पातेल्यात ठेवला. आवाज झाला नाही. तिने ताटली सरकवली, आवाज झाला नाही. भांड्यावर झाकण टेकवताना तिने बोट मध्ये धरलं आणि झाकण त्या बोटावरून अलगद उतरवलं, जसं ती तिकडे करायची.

ठिणगीने घास तसाच हातात धरला. "काय झालं गं?"

"कुठे काय," आई म्हणाली. ऐकू येण्यासाठी ठिणगीला पुढे वाकावं लागलं.

३

नंतर रोज आकडा उतरत गेला. बारा. अकरा. त्याच्या शेजारी किलोमीटरमधलं अंतर असायचं, तेही उतरत होतं. इथे ठिणगीचं डोकं फिरलं. विमानं वेगाने जाऊ लागली असतील, हे एक वेळ मानू. पण अंतर कसं कमी होईल? शहरं काय चाकावर बसवली आहेत?

शेजारच्या खुर्चीवर साखर बसायची. फोनवर ती इतकं गोड बोलायची की चिडलेलं गिऱ्हाईकसुद्धा फोन ठेवताना आभार मानायचं, म्हणून हे नाव. ठिणगीने तिला विचारलं, हा मार्ग पूर्वी किती तासांचा होता? साखरने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, अकरा. ठिणगी म्हणाली, आता नाही गं, पूर्वी. साखर पुन्हा पडद्याकडे बघून म्हणाली, अकराच होता, ताई, नेहमी अकराच असतो. संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, त्याने चार कळा दाबल्या आणि यंत्र ठणठणीत आहे असं सांगून गेला. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही डोक्यातलं आणि पडद्यावरचं यांची गल्लत करताय, सुट्टी घ्या थोडी.

तेव्हा ठिणगीने स्वतःवरही संशय घेऊन पाहिला. माणसाचं डोकं फसवतं. दोन वर्षांत आकडा मनात वाढला असेल, रागाने वाढवला असेल. पण मग तिला आईचे पाय आठवले. येताना विमानात आईचे पाय इतके सुजले होते की उतरताना चपलेत मावेनात. ठिणगीने चपला पिशवीत टाकल्या आणि आईला मोज्यांवर चालवत बाहेर आणलं. त्या विमानात दोन जेवणं झाली, एक अख्खी रात्र झाली, वर पुन्हा ऊन आलं. आकडा खोटा बोलू शकतो. सुजलेले पाय कसे खोटं बोलतील?

केंद्राच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. मोठमोठ्या मार्गांवर टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये लाल दोरा ताणून बांधला होता. शोभेचं काम, कुणी बघायचं नाही. चहाच्या वेळी ठिणगी त्या नकाशासमोर जाऊन उभी राहिली. बाकीचे सगळे दोरे ताठ होते. तिकडून इकडे येणारा दोरा मात्र सैल पडून खाली झोळीसारखा लोंबत होता. टाचण्या कुणी हलवल्या नव्हत्या. दोन्ही आपापल्या शहराच्या ठिपक्यावर होत्या, घट्ट.

तिने दोऱ्याला बोट लावलं आणि ते पटकन मागे घेतलं. दोरा हलकेच खेचला जात होता. एखादा माणूस शांतपणे, घाई न करता, दुसऱ्या टोकाने दोरा गुंडाळत असावा तसा.

संध्याकाळी तिने मामाला फोन लावला. बाबा कुठे निघालेत का, एवढंच तिला विचारायचं होतं.

मामा हसला. "तो कुठे निघतोय? सकाळी बूट घालतो, बॅग मांडीवर घेतो आणि पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसतो. दिवसभर. संध्याकाळी बूट काढतो. महिना झाला असेल. म्हातारपण गं, दुसरं काय."

"बोलतात काही?"

"काही नाही. निवळलाय आता तो, ठिणगे. तू एवढा राग धरू नयेस."

"पाणी निवळतं, मामा," ठिणगी म्हणाली. "दूध नासतं."

फोन ठेवला आणि तिने उठून दाराची कडी तपासली. ती भीती आहे असं कबूल करायला ती तयार नव्हती. तिने तेही रागाच्या खात्यावर टाकलं आणि हात पदराला पुसावा तसा कपड्यांना पुसला.

४

तो फोन आला त्या दिवशी पडद्यावर पाच तास होते.

पुरुषाचा आवाज होता, वयस्कर, सभ्य. त्याने तिकडच्या विमानतळाचं नाव घेतलं, इकडच्याचं घेतलं आणि विचारलं, किती वेळ लागेल? ठिणगीने सवयीने पडद्यावर बघितलं आणि सवयीनेच वाचलं. पाच तास, सर. दिवसातून शेकडो वेळा जे वाक्य बोलायचं ते तोंडातून आपोआप निघतं, त्याला मन लागत नाही.

मग तो म्हणाला, "बरं." आणि फोन बंद झाला.

ते 'बरं' तिच्या ओळखीचं होतं. चौकटीला हात लावून, उत्तर ऐकून घेतल्यावर म्हटलेलं 'बरं'. तिने स्वतःला बजावलं की जगात लाखो म्हातारे 'बरं' म्हणतात. मग पडद्याकडे बघितलं. पाचाच्या जागी तीन होते.

त्यानंतर तिला एक विचार सुचला आणि तो सुचल्याबद्दल तिला स्वतःचाच संताप आला. हे फोन आजच येऊ लागले असतील कशावरून? रोज शेकडो लोक विचारतात. आवाज कुणाचा, हे ती कधी ऐकते? चौदा तास कुणाला सांगितले, अकरा कुणाला सांगितले? तिने, साखरने, ओळीतल्या सगळ्या बायकांनी? मागणाऱ्याला आकडा दिला आणि पुढच्या वेळी आकडा कमी झाला, असं तर नाही?

वेडेपणा आहे, तिने स्वतःला सांगितलं. इतक्यात पुन्हा फोन वाजला.

तोच आवाज. तीच दोन नावं. तोच प्रश्न.

या वेळी ठिणगीने पडद्याकडे पाठ फिरवली आणि डोक्यातलं सांगितलं. "सोळा तास. मध्ये एक थांबा."

पलीकडे मागे कुठेतरी पंखा फिरत होता. प्रत्येक फेऱ्याला एकदा कुरकुरत होता, मग जरा दम घेऊन पुन्हा. तिकडच्या पुढच्या खोलीतला पंखा. त्या कुरकुरीखाली तिने अभ्यास केला होता, त्या कुरकुरीआडून स्वयंपाकघरातले आवाज ऐकले होते.

"बघून सांग," आवाज म्हणाला.

चौकशी केंद्रातल्या बाईला कुणी 'सांग' म्हणत नाही. सांगा म्हणतात, चिडले तरी सांगा म्हणतात.

"बघितलंय," ठिणगी म्हणाली, आणि आपण उभ्या राहिलो आहोत हे तिला कळलंसुद्धा नाही. "सोळा तास. पाय सुजतात, चपलेत मावत नाहीत. इतक्या लांब तुम्हाला यायला जमायचं नाही. यायचं नाही. कळलं?"

ओळीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. फोन बंद झाला होता. तिला जिंकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात शेजारी साखरचा फोन वाजला.

"हो सर, बघून सांगते हं," साखर म्हणाली. तिने बघितलं. "चाळीस मिनिटं, सर. आपला प्रवास सुखाचा होवो."

ठिणगीने तिच्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढला. मग जे व्हायचं ते झालं. साखर रडायला लागली, मोठ्या बाई धावत आल्या. ठिणगी ओरडत होती की असं कुठलं विमान चाळीस मिनिटांत समुद्र ओलांडतं, बघा ना, नकाशा बघा, डोळे फुटलेत का सगळ्यांचे. मोठ्या बाईंनी नकाशाकडे बघितलंच नाही. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि थंड आवाजात सांगितलं की चाळीस मिनिटं हे बरोबर आहे, आणि तुम्ही आत्ताच्या आत्ता घरी जा.

ठिणगी निघालीच होती. तिच्या बसला घरी पोचायला पाऊण तास लागायचा.

५

भर दुपारचं ऊन होतं. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि प्रत्येक थांब्याला ठिणगी मनातल्या मनात शिव्या घालत होती. चालकाला, सावकाश चढणाऱ्या माणसांना, सुट्टे पैसे शोधणाऱ्या बाईला. आईला तीन वेळा फोन लावला. वाजत राहिला. बाहेर दुकानं उघडी होती, एक माणूस काचा पुसत होता, शाळा सुटलेली पोरं पाण्याच्या बाटल्या एकमेकांच्या अंगावर रिकाम्या करत होती. सगळं इतकं जागच्या जागी होतं की तिला त्याचाही राग आला.

जिना ती दोन दोन पायऱ्या घेत चढली. मजल्यावर कुणी नव्हतं. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं, कडी काढलेली.

आई पुढच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसली होती. ठेवणीतले कपडे घातलेले, केस चापूनचोपून बसवलेले. घर असं लख्ख पुसलेलं होतं की राहतं घर वाटू नये. बाही तिने मनगटाच्या खाली ओढून घेतली होती आणि दुसऱ्या हाताने ती बाही धरून ठेवली होती.

ठिणगीने आत येऊन दार लावलं, कडी घातली. "फोन का नाही उचललास?"

"मला वाटलं त्यांचाच असेल."

"दार का उघडं ठेवलं होतंस?"

आई त्या पुसट आवाजात म्हणाली, "आल्यावर उघडायला वेळ लागला असता तर?"

ठिणगीला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. या बाईला तिने जगाच्या टोकाला आणलं होतं. नोकरीतली बढती सोडली होती, माणसं तोडली होती, ओळख नाही पाळख नाही अशा गावात हे दोन खोल्यांचं घर उभं केलं होतं. आणि ही कडी काढून बसली होती. ती खूप बोलली. दोन वर्षांत जे बोलली नव्हती ते सगळं बोलली, आईला भित्री म्हणाली, गुलाम म्हणाली. बोलता बोलता तिला उमगलं की आपण आईसमोर चौकटीला हात लावून उभ्या आहोत. तिने हात काढून घेतला आणि गप्प झाली.

"तुला नाही ना ऐकू येत?" आई म्हणाली. "मला आठवडाभर येतंय. आधी वाटलं डोक्यातच आहे."

ठिणगीने कान दिला. खालच्या रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. भिंतीपलीकडे पाण्याचा नळ. आणि मग दाराच्या बाहेर, अगदी दाराला लागून, पंखा फिरत होता. एक फेरा, एक कुरकुर. दम. पुन्हा एक फेरा.

त्यांच्या मजल्यावर पंखा नव्हता. उघडा जिना होता, एक खिडकी आणि कुणीतरी टाकून दिलेली सायकल.

६

दाराला एक छोटं गोल भिंग बसवलेलं होतं, आलेला माणूस आतून दिसावा म्हणून. ठिणगीने बराच वेळ त्याला डोळा लावला नाही. ती स्वतःला समजावत होती की घामाने, उन्हाने, भांडणाने डोकं तापलंय, बाहेर सायकल दिसेल, फक्त सायकल. मग ती मनाशी म्हणाली, घाबरायला काय मी आई आहे? आणि तिने डोळा लावला.

सायकल नव्हती.

तिकडची पुढची खोली होती. भिंगातून दिसते तशी वाकलेली, कडेला अंधारलेली, पण तीच. पोपडे धरलेली भिंत, कोपऱ्यातलं इस्त्रीचं टेबल, खिडकीचा तो गज जो तिने लहानपणी दाताने चावला होता. मध्ये खुर्ची. खुर्चीत बूट घातलेला, मांडीवर बॅग घेतलेला माणूस दाराकडे तोंड करून बसला होता.

खुर्ची आणि दार यांच्यात जेमतेम एक चटई मावेल एवढी जागा होती.

त्याने बॅग उचलून शेजारी ठेवली. गुडघ्यांवर हात टेकवले. उठायला त्याला त्रास होत होता, गुडघे दुखणारा माणूस उठतो तसा तो आधी पुढे वाकला, आणि वाकल्यावर त्याचा चेहरा उजेडात यायला लागला.

ठिणगीने डोळा भिंगावरून बाजूला घेतला. तिने पाहिलं ते इतकंच. पण त्यातलं एक तिला पुढे कधीच विसरता आलं नाही, आणि कुणाला सांगताही आलं नाही. तो चेहरा चिडलेला नव्हता. घरी पोचलेल्या माणसाचा असतो तसा होता.

तिने दाराला पाठ लावली आणि टाचा फरशीत रोवल्या. कडी होती. पण कडीवर भरवसा ठेवायचे दिवस गेले होते. सोळा तासांवर ठेवला होता, त्याचं काय झालं?

दाराचं हँडल तिच्या कमरेजवळ होतं. ते सावकाश खाली जायला लागलं.

"सोळा तास," ती म्हणाली. मग आणखी मोठ्याने, "सोळा तास, मध्ये एक थांबा." हँडल जरासुद्धा थांबलं नाही. तिचं त्याने कधी ऐकलं होतं? त्या घरात प्रश्न तिला नव्हताच कधी. ती फक्त शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली पोर होती.

लाकडापलीकडून, तिच्या दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, तो शांतपणे म्हणाला, "किती वेळ लागेल?"

आई खुर्चीवरून उठली.

७

ठिणगीने मान हलवून तिला नको म्हणून सांगितलं. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती हँडलकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, उत्तर तयार होत होतं. कुठलं उत्तर, ते ठिणगीला ठाऊक होतं. चाळीस वर्षांत आईने दुसरं उत्तर दिलंच नव्हतं. तिच्या तोंडावर हात ठेवावा असं ठिणगीला वाटलं, पण दार सोडता येत नव्हतं.

आई अनवाणी चालत आली. ठिणगीच्या शेजारी वळली आणि आपली वाकलेली पाठ तिने दाराला टेकवली. मोडून वेडंवाकडं जुळलेलं मनगट बाहीतून बाहेर आलं, तो हात तिने लेकीच्या हातात दिला. हात गार होता.

"वेळ लागेल," आई म्हणाली.

आवाज भाजीवाल्याशी भांडतानाचा होता. खोलीत घुमला.

पंख्याचा एक फेरा झाला. "किती?"

"ते तुम्हाला सांगणार नाही."

ठिणगीने आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हुंदका फुटला असता आणि पाठीतला जोर गेला असता. तिने सगळा राग पाठीत गोळा केला. इस्त्रीचा, मनगटाचा, मामाच्या हसण्याचा, चाळीस मिनिटं म्हणणाऱ्या त्या सगळ्या गोड आवाजांचा. दुसरं काही टेकू म्हणून लावायला तिच्याजवळ नव्हतं.

हँडल अर्ध्यावर थांबलं.

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचे मास्तर शाळेतून येत होते, किल्ल्या हातात खुळखुळवत, नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत. ते या दोघींच्या दारासमोरून गेले, अगदी समोरून. सायकलला त्यांची पिशवी अडकली, त्यांनी ती सोडवली, सायकलला दोन शब्द सुनावले आणि वरच्या पायऱ्या चढून गेले. कुणी उभं असतं तर त्यांनी हाक मारली असती. मास्तर तसे चौकस होते.

दोघींनी वर मास्तरांचं दार उघडून बंद होईपर्यंत ऐकलं.

"गेले ते?" आईने विचारलं. मास्तरांबद्दल ती विचारत नव्हती.

ठिणगीने मान खाली घालून बघितलं. हँडल अर्ध्यावर होतं, तसंच. खाली जात नव्हतं. वरही येत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "तू बस. पाठ मात्र काढू नकोस."

आई दाराला घासत हळूहळू खाली फरशीवर बसली आणि तिने पाय लांब पसरले.